शेवटच्या बाईच्या मागे

मेडशीच्या टेकड्यांत वनखात्याचं उद्यान झालं, तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथं गावची दौड होऊ लागली. सहा किलोमीटरची रानातली वाट. ज्याला पळायचं त्याने पळावं, ज्याला चालायचं त्याने चालावं. शेवटी पोहे आणि चहा. या वाटेचा सगळा भार दौलतरावांवर होता. बत्तीस वर्षं याच रानात वनमजुरी केलेला माणूस तो, दगड न् दगड ओळखीचा.

आदल्या दिवशी ते वाटभर झुडपांना लाल चिंध्या बांधत. दौडीच्या दिवशी सगळ्यांच्या मागून चालत येत आणि एकेक चिंधी सोडून पिशवीत टाकत. रानात आपला धागासुद्धा राहू नये, अशी वनखात्याची अटच होती. शिवाय एकदा मागं राहिलेल्या जुन्या चिंधीच्या नादाने दोन पोरं भलत्याच नाल्यात उतरली होती. तेव्हापासून दौलतराव ज्याला त्याला सांगत, "एक चिंधी मागं राह्यली तं माहं नाव बदला."

मार्चची दौड फक्त बायांसाठी ठेवायचं ठरलं. बायांच्या मागून कोणी चालायचं, असा प्रश्न निघाला. बचत गटाची मंजू म्हणाली, "दौलतभाऊच येतील की. म्हातारा माणूस. त्याइले पाहून कोण लाजते?"

सगळे हसले. दौलतरावही हसले.

त्या रविवारी सकाळी ते बाया निघताना तिथं नव्हतेच. नाल्याच्या उतारावरच्या चार चिंध्या रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, रात्रीतून चघळून टाकल्या होत्या, त्या परत बांधायला ते अंधुक उजेडातच पुढं गेले. तिकडून दुसऱ्या किलोमीटरवरच्या पाण्याच्या ठिकाणी आले, तोवर बायांचा घोळका पुढं सरकून गेला होता. मंजू रिकामे ग्लास गोळा करत होती.

"गेल्या सगळ्या, भाऊ. अडतीस. म्या मोजल्या."

"कोणी मागं?"

"मागं फक्त तुमी. च्या घ्या आन निंगा."

तिच्या चुलीवरचा धुरकट चहा पिऊन ते निघाले. मंजू आपली भांडी घेऊन गाडीरस्त्याने परत गेली. आता त्या वाटेवर ते आणि त्यांची पिशवी. चिंधी दिसायची, गाठ सुटायची, चिंधी आत जायची. हात आपोआप चालत होते. मोह गळायला लागला होता. त्याचा गोडसर आंबूस वास कुठून कुठून येत होता, आणि तो वास आला की दौलतरावांची मान आपोआप वळायची. मोहाच्या फुलांवर माणसाआधी अस्वल येतं.

तिसऱ्या किलोमीटरला वाट टेकडीला वळसा घालते. धुराने घसा खवखवत होता, म्हणून वळणाआधी ते दोनदा मोठ्याने खाकरले. वळण घेतलं आणि उजव्या हाताच्या घाणेरीच्या जाळीत काहीतरी खसपसलं.

ते थांबले. जाळीही थांबली. वाऱ्याने हललेलं झुडूप हळूहळू थांबतं. हे एकदम थांबलं. आत काहीतरी जिवंत होतं आणि ते श्वास धरून होतं.

"कोण हाय?"

काही नाही.

"कोणी हाय का आत?"

काहीच नाही. दौलतरावांनी हातातली काठी घट्ट धरली. पूर्वीचे दिवस असते तर काठीने फांदी बाजूला करून पाहिलं असतं. पण गुडघे आता जुने नव्हते, म्हणजे जुनेच झाले होते, आणि पाच वर्षांपूर्वी लखीराम गुराख्याचा अर्धा चेहरा अस्वलाने कसा सोलला होता, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मनाशी म्हटलं, रोही असंल. त्याच जाळीला बांधलेली चिंधी घाईघाईने सोडली, आणि मागं वळून न पाहता झपाझपा चालू लागले. अर्धा किलोमीटर गेल्यावर श्वास जागेवर आला. त्या अर्ध्या किलोमीटरात त्यांनी सतरा चिंध्या काढल्या होत्या.

उद्यानाच्या फाटकाशी पोह्यांची पातेली अर्धी झाली होती. बाया सावलीला पाय पसरून बसल्या होत्या, कोणाच्या पायाला फोड, कोणाचा श्वास अजून वर. मेडशीचा सादिक टेलर वही घेऊन खुर्चीत बसला होता. चिंध्या त्याच्याच दुकानातल्या, आणि दौडीची वहीही त्याच्याकडे. निघताना नंबर लिहायचा, परत आल्यावर खूण करायची.

"या, दौलतभाऊ. सगळ्याइच्या मागं येता आन पोहे मात्र भरून खाता."

"आल्या ना सगळ्या?"

सादिकने पेन वहीवरून खाली आणलं. मग परत वरून खाली आणलं. "सदतीस."

"मोज नीट."

"दोनदा मोजल्या. तेवीस नंबर नाही आला. म्या समजलो तुमच्यासंग हाय. शेवटी तुमीच येता ना."

"माह्यासंग कोणी नाही."

सादिकने वही त्यांच्याकडे फिरवली. तेवीस नंबरपुढं लिहिलं होतं, रत्नमाला प्रसेनजित इंगळे.

दौलतरावांनी ते नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. प्रसेनजित त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, वाशीमला नोकरीला. रत्नमाला त्याची बायको. दौलतरावांची भावसून.

तेवढ्यात रत्नमालाची पोरगी धम्मदीपा पुढं आली. सतरा वर्षांची, घामाने चिंब, हातात आईचा फोन.

"मोठे बाबा, आई तुमच्या मागं हाय ना?"

"मागं कशी राहील? सगळ्याइच्या मागं मीच होतो."

"तिनं मले सकाळीच सांगतलं होतं. मोठे बाबा मागून येणार हायत. ते खाकरले की मी बाजूले होईन, ते गेले की मंग येईन." पोरीचा आवाज बारीक झाला. "तिच्या आंगात माही पँट आन टी-शर्ट हाय ना. पदर नाही. म्हणे, असं कसं त्याइच्यासमोर जाऊ."

सादिकने पेन खाली ठेवलं. आजूबाजूच्या बाया जवळ सरकल्या. त्यातल्या एकीलाही यात काही नवल वाटलं नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर भावसुनेने यायचं नाही, बोलायचं नाही, त्याच्या सावलीलाही अंग लागू द्यायचं नाही. एकवीस वर्षं दोन्ही भावांची घरं एका अंगणात होती. धाकट्याच्या घरात शिरण्याआधी दौलतराव ओसरीवर खाकरत. आत काकणं वाजत, स्वयंपाकघराचं दार लोटलं जाई. निरोप असला तर मध्ये भागिरथा, त्यांची बायको, नाहीतर ही पोरगी. सांग तुह्या आईले, सांग तुह्या मोठ्या बाबाले. छप्पन्न साली त्यांच्या बापाने घरातले देव नदीत सोडले होते. हे अंतर मात्र तसंच राहिलं. ते देव्हाऱ्यात मांडलेलं नव्हतं, म्हणून सोडायच्या गोष्टींत कोणाला ते दिसलंच नसावं.

घाणेरीची ती जाळी दौलतरावांच्या डोळ्यांपुढं आली. एकदम थांबलेली. श्वास धरून असलेली. त्या जाळीची चिंधी त्यांच्याच पिशवीत होती, आणि पुढच्या सगळ्या चिंध्याही. रानात एका बाईला मागं ठेवून त्यांनी तिच्यापुढची वाट स्वतःच्या हाताने उचलून आणली होती.

"आन मोठे बाबा," धम्मदीपा म्हणाली, "तिनं सकाळी शुगरची गोळी घेतली. उपाशीच. म्हणे पोहे तिथंच खाऊ."

सादिकने वनरक्षकाला फोन लावला. तो दुसऱ्या टोकाला होता, यायला तास लागणार होता. सादिक उठून उभा राहिला. "सगळेच जाऊ. थाळ्या वाजवत जाऊ."

"नाही. थाळ्या नका वाजवू. खोऱ्यात जनावर असंल तं आवाजानं बिथरून वर येईल, आन वर ती असंल." दौलतरावांना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "मी पट्ट्यानं जातो, ती वाट जवळची हाय. जाताना चिंध्या बांधत जातो. तुमी अर्ध्या घंट्यानं चिंध्या पाहून या. सगळ्या एकत्र, कोणी एकटी नाही."

"मी येतो तुमच्यासंग."

"तुह्या गुडघ्यानं? तुले आणाले दुसरा माणूस लागंल."

धम्मदीपाने पोह्याच्या सामानातला गुळाचा मोठा खडा कागदात गुंडाळून त्यांच्या खिशात कोंबला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि ते त्यांना लागलं.

वणवा पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा टेकडीच्या खांद्यावरून जातो. तिथून तिसऱ्या किलोमीटरचं वळण वीस मिनिटांवर. दौलतराव त्या दिवशी तिथं किती वेळात पोचले, ते त्यांना पुढंही सांगता आलं नाही. ऊन चढलं होतं. पळसाची पानं पावलाखाली पापडासारखी वाजत होती. वीस-तीस पावलांवर ते थांबत, झुडपाला चिंधी बांधत. एरवी सहज बसणारी गाठ आज बसत नव्हती.

वळणापाशी आले आणि जागीच थांबले. घाणेरीच्या जाळ्या दोन्ही बाजूंना, एकीसारखी दुसरी. त्यातली ती कोणती, हे कळेना. एके काळी डोळे मिटूनही त्यांनी सांगितलं असतं, इथं सालई, इथून दहा पावलांवर वारूळ. पण गेलं वर्षभर ते या वाटेने फक्त लाल रंग पाहत चालले होते. लाल रंग काढून घेतला तर रान नुसतं रान झालं होतं, परक्याला दिसतं तसं.

ते गुडघ्यावर बसले आणि जमीन पाहू लागले. तिसऱ्या जाळीत गवत दाबलेलं सापडलं. कोणीतरी उकिडवं बसलं होतं, वाटेकडे पाठ करून. जाळीतून बाहेर बुटाचे ठसे, टाचेवर चांदणीची नक्षी, पोरीचे बूट. ठसे पुढं गेले होते, परत आले होते, पुन्हा पुढं. ती चिंध्या शोधत होती. पुढं जिथं गुरांच्या तीन वाटा फुटतात, तिथं तर ठशांचा चिखल झाल्यासारखा होता. पुढं, मागं, गोल. बराच वेळ ती तिथं उभी राहिली असावी. दौलतरावांना तिथं थांबवेना. शेवटी ठसे डाव्या वाटेला लागले होते. तीच वाट सगळ्यात रुंद, म्हणून तिला ती खरी वाटली असेल. ती वाट खोऱ्यात उतरते. खाली जुने मोह आहेत.

त्यांनी तिथं दोन चिंध्या बांधल्या, एकावर एक, म्हणजे मागच्यांना चुकता येऊ नये.

डाव्या वाटेवर शंभर पावलांवर वारूळ उकरलेलं होतं. उकरलेली माती अजून ओली, काळी. बाजूला शेणाचा पो पडावा तशी विष्ठा, बोरांच्या बियांनी भरलेली, वर माशी. आणि पुढं मऊ मातीत चांदणीच्या बुटाचा एक स्वच्छ ठसा, आणि त्याच्यावर, त्याला अर्धा मोडून, रुंद पंजा. पाच नखं लांब.

म्हणजे आधी ती गेली होती. मागून ते गेलं होतं.

दौलतरावांच्या मनात येऊ नये ते येऊ लागलं. प्रसेनजितला फोन कसा करायचा. अंगणात दोन घरं, मध्ये तुळशीचं नव्हे, नुसतं कडुनिंबाचं झाड, त्याखाली लोक जमतील. कोणी विचारेल, मागं कोण होतं? आणि सादिक खोटं बोलणार नाही. त्यांनी बोलूही नये.

त्यांनी पाय पुढं टाकला, कारण मागं टाकता येत नव्हता.

खोऱ्याच्या काठावर वाट तुटते. खाली पंधरा-वीस हात कोरडा नाला, मोठाले धोंडे, पलीकडे मोहाचं झाड. नाल्यात एक बूट पडलेला दिसला. फक्त बूट. ते काठावर आडवे होऊन पाहू लागले. धोंड्यांमागं काही दिसत नव्हतं. कान लावला तर स्वतःच्याच छातीचा आवाज.

आणि मग त्यांना वाटलं, ती इथंच आहे आणि बोलत नाही. सकाळी नाही का बोलली? दोनदा विचारलं, कोण हाय, तरी नाही बोलली. एकवीस वर्षांत नाही बोलली. आता भासरा आलाय म्हणून धोंड्याआड तोंड फिरवून बसली असेल. या विचाराने त्यांना एकाच वेळी आशा वाटली आणि संताप आला, तिचा नव्हे, कोणाचा ते कळेना. तिचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आजही तोंडात येईना.

"धम्मदीपाची आई," त्यांनी जीव तोडून हाक मारली. "मी हाय. दौलत. आवाज द्या. आज काई लाजू नका. काई पाळू नका. आवाज द्या."

हाक पलीकडच्या कड्यावर आपटून परत आली. खाली धोंड्याच्या आडून काकणं वाजली. दोनदा, अगदी हळू. त्यांना हसू येणार होतं.

तेवढ्यात मोहाच्या बुंध्याशी काळा धोंडा होता तो उभा राहिला.

तेव्हा त्यांना कळलं. ती लाजून गप्प नव्हती. ती अस्वलापासून तीस पावलांवर, श्वास दाबून बसली होती, आणि किती वेळ कोणास ठाऊक, तिच्या गप्प बसण्यानेच ते शांतपणे फुलं खात होतं. आवाज करायचा नव्हता तो दौलतरावांनी केला होता.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहून नाक वर करत होतं. त्याला दिसतं कमी, पण वास आणि आवाज पक्का कळतो. मग ते चार पायांवर आलं, आणि पाण्याचा लोंढा वर चढावा तसं धोंड्यांवरून काठाकडे येऊ लागलं. सरळ त्यांच्याकडे. तोंडातून चूळ भरल्यासारखा, कुत्र्यासारखा, कशासारखाच नसलेला आवाज. दौलतराव उठले. पळायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं होतं, पळू नका, हळूहळू मागं सरा. ते मागं सरू लागले. एक पाऊल. दुसरं. अस्वल थांबण्याऐवजी आणखी चिडलं, दात वाजवत, जमिनीवर पंजे आपटत. हे असं काहून करून राह्यलं, असं त्यांच्या मनात आलं. मागं सरलं की ते थांबतं. तिसरं पाऊल.

"मोठे बाबा."

खालून बाईचा आवाज आला. फाटलेला, मोठा, अख्ख्या खोऱ्यात घुमणारा. हा आवाज त्यांनी भिंतीपलीकडून ऐकला होता, पोरीला रागावताना, कोंबड्यांना हाकलताना. स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता.

"मागं नका सरू. तुमच्या मागं पिल्लू हाय. झाडाले. उजव्या हाताले व्हा. उजव्या."

अस्वल तिच्या आवाजाकडे गर्रकन वळलं. ती ओरडतच राहिली. उजव्या हाताले, उजव्या. दौलतरावांनी डोळ्यांच्या कडेने पाहिलं. मागच्या धावड्याच्या खोडाला, माणसाच्या उंचीवर, मांजराएवढं काळं काहीतरी चिकटलेलं होतं आणि कुंई कुंई करत होतं. ते पिल्लाच्या आणि आईच्या मध्ये उभे होते, आणि प्रत्येक पावलाने पिल्लाकडेच जात होते.

ते उजवीकडे सरले. काठी खाली धरली. एक, दोन, पाच, सात पावलं. अस्वल पुन्हा पिल्लाकडे वळलं आणि त्यांच्या बाजूने इतक्या जवळून गेलं की त्याच्या अंगाचा ओल्या घोंगड्यासारखा वास त्यांच्या नाकात शिरला. पिल्लू घसरत उतरलं, आईच्या पाठीवर चढलं, आणि दोघं घाणेरीत शिरली. जाळी हलत गेली, वरवर, टेकडीकडे. ज्या बाजूने परत जायचं होतं, त्याच बाजूला.

दौलतराव धोंड्यांना धरत खाली उतरले. ती एका झुकलेल्या धोंड्याखाली बसली होती. उजवा घोटा सुजून मडक्यासारखा झालेला, चेहरा राखेसारखा, कपाळावर थंड घाम. त्यांना पाहून तिने सवयीने डोक्याकडे हात नेला. तिथं पदर नव्हता. हात तसाच वर राहिला, मग तिने तोंड धोंड्याकडे फिरवलं.

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या बाजूला टाकला. तिने तो घेतला, क्षणभर हातात धरला, आणि डोक्यावर न घेता घोट्याला आवळून बांधला.

खिशातला गूळ काढून त्यांनी कागदासकट दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरले, घरी वस्तू ठेवून सरत तसे. तिने हात पुढं केला. हात इतका थरथरत होता की खडा निसटून वाळूत पडला. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. डोळे मिटायला लागले होते.

दौलतरावांनी खडा उचलला, सदऱ्याला पुसला, दाताने तुकडा पाडला आणि तिच्या ओठांत दिला. मग तिचा हात धरला, कारण ती एका अंगावर कलंडत होती. हात थंड होता आणि ओला होता. माणसाचाच हात होता. तिला हात लागला तर काही होईल, वीज पडेल, असं त्यांना खरंच कधी वाटलं होतं का, ते त्यांना आता आठवेना.

दुसरा तुकडा चघळताना तिने डोळे उघडले.

"चिंध्या काहून काढल्या?" ती म्हणाली.

"तुमी आवाज काहून नाही देल्ला?"

वर कुठंतरी फांदी मोडली.

"उठा," दौलतराव म्हणाले. "माह्या खांद्यावर हात ठेवा. आन बोलत राहा, मोठ्यानं. त्याले दिसत नाही. आपण येऊन राह्यलो हे लांबूनच कळलं, तं ते वाट सोडते. गप्प गेलो आन अचानक समोर आलो, तं फाडते."

"काय बोलू?"

"काईबी."

नाल्यातून काठावर चढायलाच बराच वेळ गेला. तिचा सगळा भार त्यांच्या डाव्या खांद्यावर. काठावर आले तेव्हा समोर तीच घाणेरी, दोन्ही बाजूंनी, भिंतीसारखी. त्यातून वाट. ती बोलत नव्हती. त्यांनाही काही सुचत नव्हतं. एकवीस वर्षांचं न बोललेलं सगळं त्या वाटेत अडकल्यासारखं झालं होतं, आणि डावीकडची पानं हलली की वारा आहे की ते आहे, हे कळत नव्हतं.

"बोला," ते म्हणाले.

"तुमी च्या अर्धा ठेवता," ती म्हणाली. आवाज आधी बारीक, मग तिने तो मुद्दाम वाढवला. "कपात. रोज. एकवीस वर्षं झाले, अर्धा कप परत येते."

"साखर लय असते."

"मले कोणी सांगतलं नाही."

"मी भागिरथेले सांगत होतो."

"त्याइनं नाही सांगतलं. त्या म्हणत, त्याइले आवडते गोड. मी आणखी टाकत गेली."

वीस पावलं. लाल चिंधी दिसली, त्यांनीच बांधलेली, ढिली. उजवीकडे काहीतरी जमिनीवर घासत गेलं. दोघंही एकदम गप्प झाले, आणि त्या गप्पपणात ते घासणंही थांबलं.

"बोला," दौलतराव म्हणाले. "थांबू नका."

"तुमी खाकरले," ती ओरडून म्हणाली, रडत होती की काय ते त्यांनी पाहिलं नाही, "की माह्या हातचं भांडं पडते. अजून पडते. लग्न झालं तवापासून. घरात असो की कुठंबी असो. सकाळी खाकरले तं मी जाळीत शिरली, पाहूनसुदिक नाही घेतलं आत साप हाय की काय. तिथं बसली न् मले वाटलं, आवाज देऊ. तुमी विचारलं तवा लय वाटलं. पण तोंडच उघडलं नाही."

खाकरणं म्हणजे आपण तिला दिलेला मान, असंच दौलतराव धरून चालले होते. पण गप्प बसायची सोय नव्हती. जाळीत घासणं पुन्हा सुरू झालं होतं, त्यांच्या बरोबरीने, थोडं वरच्या अंगाने. म्हणून ते मोठ्याने झाडं सांगू लागले. ही सालई. हा तेंदू. ही बोर, हिची बोरं आंबट. हा पळस, याच्या बुंध्याशी मुंगूस राहते. ती मागून म्हणू लागली, सालई. तेंदू. बोर. तिचा आवाज मध्येच ओढल्यासारखा होई, खांद्यावरचा हात सैल पडे, मग ते थांबून तिच्या तोंडात गुळाचा तुकडा देत, आणि पुन्हा पहिल्या झाडापासून सुरू करत.

वारुळापर्यंत आले. तिन्ही वाटांपर्यंत आले. वळण दिसू लागलं. वळणापलीकडे पावलं वाजली, खूप पावलं, आणि धम्मदीपाने हाक मारली.

चिंध्या पाहत बाया वळणावर आल्या. पुढं पोरगी, तिच्या मागं मंजू, मागं सादिक काठी टेकत. समोरचं दृश्य पाहून सगळ्या जागच्या जागी थांबल्या. रत्नमालाचं डोकं उघडं होतं, भासऱ्याचा दुपट्टा तिच्या पायाला होता, आणि तिचा हात भासऱ्याच्या खांद्यावर. तीस-पस्तीस बायांचं बोलणं एका क्षणात बंद झालं. पोरगी तेवढी धावत आली आणि आईच्या दुसऱ्या अंगाला शिरली.

रत्नमालाने हात काढून घेतला नाही.

उजवीकडे, बायांच्या आणि त्यांच्या मध्ये, घाणेरीची एक फांदी हळूच खाली वाकली आणि तशीच राहिली.

"गप्प काहून झाल्या?" दौलतराव त्या सगळ्यांना म्हणाले. "बोला, बाया हो, बोलत राहा. ते अजून इथंच हाय."